देवीचा डावा पाय

माझ्या बापाला गावाने वर्षानुवर्षं नाचताना पाहिलं, पण नाचणाऱ्या बापाचा चेहरा कोणी पाहिला नाही. पेठकडच्या आमच्या गावात चैत्रात बोहाडा होतो. देवदैत्यांचे लाकडी मुखवटे बांधून गडी माणसं गावच्या रस्त्यातून नाचत जातात. एकेका मुखवट्याला आम्ही सोंग म्हणतो, आणि प्रत्येक सोंग एकेका घराचं ठरलेलं असतं. देवीचं सोंग आमच्या घराचं. बाकीची सोंगं होऊन गेली की चांगलं उजाडल्यावर देवी निघते आणि दैत्याला मारते. ती देवी माझा बाप.

एरवी आम्ही नाशिकला राहायचो आणि तो द्वारका चौकाजवळ ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करायचा. चैत्र आला की रजा मागायचा. तुझी देवी माझा ट्रक खाली करायला येणार आहे का, असं शेठ दरवर्षी विचारायचा आणि बाप दरवर्षी हसून निघायचा. त्या दिवसांत तो एकच वेळ जेवायचा, आवाज चढवायचा नाही. आई म्हणायची, देवी बारा महिने अंगात राहिली असती तर माझा संसार सोपा झाला असता.

ही नव्वदनंतरची वर्षं. मी कॉलेजात होते. आमच्या घराण्यात पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माझा नाच पाहून कथक शिकवणाऱ्या एका बाईंनी मला क्लासला बोलावलं. बाई चेहऱ्याला फार जपायच्या. हात जाईल तिथे डोळे गेले पाहिजेत, राग आधी भुवईत दिसला पाहिजे. मी घरी आरशासमोर भुवया चढवत बसायची आणि बाप चहा पीत बघायचा. एकदा म्हणाला, "समदा राग तोंडानंच दाखवला, तर पायानं काय करायचं?"

मी तेव्हा त्याच्याशी वाद घातला. पण तो म्हणत होता ते मी लहानपणापासून पाहत आले होते. लाकडाच्या तोंडाला एकच भाव. डोळे रंगवलेले. त्याच्या देवीचा सगळा राग डाव्या पायात असायचा. दैत्य समोर आला की ती डावा पाय उचलायची आणि तसाच हवेत धरून ठेवायची. संबळवाला हात आवरायचा. अख्खा रस्ता त्या पायाकडे बघत गप्प. मग पाय खाली यायचा आणि त्याच क्षणी संबळ कडाडायचा. पुढे क्लासमध्ये बाईंनी सम, म्हणजे ताल फिरून जिथे पडतो ती जागा, समजावली, तेव्हा मला तो पायच आठवला.

मला नोकरी लागली त्यानंतर दोन-तीन वर्षांनी बापाला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. काही महिन्यांनी तो काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालायला लागला, पण डावा पाय उचलत नव्हता. तो फरशीवरून ओढत न्यायचा. जीभ जड झाली, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. हमाली सुटल्याचा विषय त्याने एकदाही काढला नाही. चैत्र जवळ यायला लागला तसा मात्र तो जेवेना. सोंग बंद ठेवता येत नाही. घरातल्या कोणीतरी उभं राहायचं, नाहीतर देवी दुसऱ्या घराची होते. मला भाऊ नाही.

मी म्हटलं, "मला येतं सगळं. मी घालू का सोंग?"

"बाईनं घालायचं नाय."

"देवी बाईच हाय ना?" आई चुलीपाशी असावी तशी गॅसपाशी बसून म्हणाली.

शेवटी चुलतभावाला बोलावलं. तो पेठ रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा, अंगाने तयार, स्वभावाने गरीब. आमच्यात सोंग द्यायची रीत आहे. देणारा आणि घेणारा दोघेच खोलीत बसतात, बायका बाहेर. देणारा करून दाखवतो, घेणारा जसंच्या तसं उचलतो. घेताना विचारायचं नाही. आधी लांबून काय पाहिलं ते धरायचं नाही, दिलं तेच खरं.

मी आणि आई दाराबाहेर पायरीवर बसलो. आतून काठीचा आवाज यायचा आणि फरशीवर पाय घासल्याचा. मी त्या आवाजाला सरावले होते, म्हणून मला काही वाटलं नाही. भाऊ रविवारी-रविवारी येत राहिला. शेवटच्या रविवारी बाहेर आला तो रडत होता. माझ्या बापाला तो मोठा बा म्हणायचा. मला म्हणाला, ताई, मोठ्या बाने सगळं दिलं.

बोहाड्याला आम्ही बापाला गावी नेलं. सकाळी रस्त्याकडेच्या ओट्यावर खुर्ची टाकून त्याला बसवलं. देवी आली. अंगाचा डौल, मानेची फेक, सगळं बापाचं. मला भरून आलं. दैत्य समोर आला. संबळवाल्याने सवयीने हात आवरला. देवीने डावा पाय उचलला नाही. तिने तो मातीतून हळू ओढत पुढे आणला.

आई उठून घरात निघून गेली. बापाच्या उजव्या हाताने माझं मनगट धरलं होतं, ते त्याने सोंग संपेपर्यंत सोडलं नाही. लोक हसले नाहीत. माझ्या शेजारची एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "देवी लय दमली यंदा."

भावाने मुखवटा उतरवला, घामाने निथळत आला आणि बापाच्या पायावर डोकं ठेवलं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, पाय का ओढलास, इतकी वर्षं तू बघत नव्हतास का? तो गोंधळला. म्हणाला, "बघत व्हतो ना. पण मोठ्या बानी देताना बदललं. मी कोण इचारनारा?" आणि भीत-भीत बापाकडे वळला. "मोठा बा, चुकलं का काय?"

बाप उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवून म्हणाला, "बराबर हाय."

नाशिकला परतल्यावर एका रविवारी दुपारी आई मेथी निवडत होती, बाप खाटेवर होता. तो मला म्हणाला, "तू कर."

काय करू ते मी विचारलं नाही. आईने उठून दार लावलं. मी उभी राहिले आणि सवयीने भुवया चढल्या.

"तोंड झाक," बाप म्हणाला.

मी ओढणी तोंडावरून घेतली. मला काही दिसेना. बाप उजव्या हाताने खाटेच्या लाकडावर संबळ वाजवायला लागला. मी पुढे गेले, मागे आले, वळले. लाकडावरचा हात थांबला. मी डावा पाय उचलला आणि धरला. बापाचा हात थांबला तो थांबलाच. कुठल्याच संबळवाल्याने इतका वेळ हात धरला नसेल. माझी मांडी थरथरायला लागली, तरी मी पाय टेकवला नाही. ओढणीच्या आत माझाच श्वास मला ऐकू येत होता. मग लाकडावर हात पडला आणि माझा पाय खाली आला.

मी ओढणी काढली. बाप भिंतीकडे तोंड करून निजला होता आणि आई त्याच्या अंगावर चादर ओढत होती.

पुढचा बोहाडा त्याने पाहिला नाही. भाऊ दरवर्षी मनोभावे देवी काढतो, गावातली पोरं खेळताना पाय ओढतात, आणि देवीचं पाऊल पहिल्यापासून असंच असं नव्या सुना धरून चालतात. मी एकदाही कोणाला दुरुस्त केलं नाही. बापाने बराबर म्हटलं होतं. पण त्या दुपारी त्याने मला सोंग दिलं, की नुसतं एकदा डोळे भरून पाहून घेतलं, हे मी त्याला विचारलं नाही. घेताना विचारायचं नसतं.