टेंभरेकाकांचं स्टूल

काही माणसं आयुष्यभर इतकी जपून बोलतात की त्यांच्याबद्दल सांगायला चार वाक्यं सापडत नाहीत. टेंभरेकाका सकाळी दुकानाचं शटर उचलतात आणि दुपारच्या चहापर्यंत माझ्याकडे दोन नवे किस्से जमा झालेले असतात! मला वेगळं काही करावं लागत नाही. गोंदियाच्या बाजारात त्यांचं पुस्तकांचं आणि माझं झेरॉक्सचं दुकान शेजारी शेजारी, मध्ये नुसता प्लायवूड. तिकडे काका ओरडले की इकडे माझ्या मशीनमध्ये कागद अडकतो!

त्यांच्या पाटीवर मोठ्या अक्षरात ‘पुस्तके’ आणि खाली बारीक अक्षरात ‘गर्दी करू नये’ असं लिहिलंय. गर्दी! अहो, दिवसाला पाच माणसं आली तरी काका कपाळाला हात लावतात. माणूस या प्राण्यावरच त्यांचा राग आहे. माझं नाव वर्षा आहे हे त्यांना पक्कं माहीत आहे, पण हाक मारतात ‘ए झेरॉक्स!’

आणि त्यांचा तो नियम! दुकानात एक लाकडी स्टूल आहे. गोष्टीचं पुस्तक हवं असेल तर स्टूलवर बसायचं, पहिलं प्रकरण तिथंच वाचायचं. वाचून झाल्यावर ‘पुढे काय होतं?’ असं तोंडातून निघालं तर पुस्तक मिळणार. मध्येच मोबाइल काढला तर बोटाने रस्ता दाखवला जाणार. कोणाच्या गाडीची वेळ झाली, वाचन अर्धवट राहिलं, तर पानात कागदाची पट्टी घालून पुस्तक मागच्या कप्प्यात ठेवायचं आणि पुन्हा आलं की तिथून पुढे. पट्ट्या माझ्याकडच्या, बिघडलेल्या झेरॉक्सच्या कापलेल्या.

* * *

एक राइस मिलवाले तणतणत आले. हातात कादंबरी.

“टेंभरेजी, हे पुस्तक वापस घ्या.”

“काऊन? पानं कमी आहेत?”

“पानं बराबर आहेत. पण माही बायको दोन दिवसांपासून रडून राहिली. त्यातली बाई मेली ना शेवटी! घरी सयपाक बंद आहे जी!”

काकांनी चष्मा वर सरकवला. पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, फुंकर मारली आणि पुन्हा मिलवाल्यांच्या हातात ठेवलं.

“पुस्तक चांगलं आहे. बायकोही चांगली आहे. वापस कराचं असंल तर तुमीच एक आहात!”

* * *

एक बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या. स्टूलवर बसून पहिलं प्रकरण वाचलं, ‘पुढे काय होते जी?’ असंही विचारलं. सगळं नियमात! पण मग म्हणाल्या, “कमी करा थोडे.”

काकांच्या दुकानात घासाघीस म्हणजे देवळात चप्पल. मी इकडे मशीन बंद करून कान लावला.

“करतो ना कमी,” काका म्हणाले. “शेवटची पानं फाडून घेतो. तेवढे पैसे कमी द्या.”

“फाडा!” बाई म्हणाल्या. “शेवटी एक तर सगळे मरते, नाही तर सगळ्यांचं लगन होते. मले काय फरक पडते?”

आता आली का पंचाईत! काकांनी ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली, पानावर ठेवली, पान चिमटीत धरलं. हात काही पुढे जाईना. माणसाशी कितीही वाकडं असो, पुस्तकाचं पान फाडायचं म्हणजे काकांना स्वतःचा कान उपटल्यासारखं होतं. शेवटी त्यांनी पुस्तक बाईंच्या पिशवीत मेथीच्या जुडीवर कोंबलं.

“न्या! जे द्याचं ते द्या, पण निघा इथून!”

बाई हसत माझ्याकडे आल्या. “माहा भाजीवाला याच्यापेक्षा जास्त टिकते,” म्हणाल्या.

* * *

सालेकशाकडच्या जंगलात नोकरी करणारा एक वनरक्षक आला. खाकी कपडे, पायात धुळीने भरलेले बूट. वाघावरचं पुस्तक हवं होतं.

“तू तर जंगलातच राहून राहिला,” काका डाफरले. “वाघ पुस्तकात कायले पाहाचा?”

“साहेब, जंगलात पाहाले भेटतेच कुठी? तो दिसला का मी पळून राहतो. एक बार बसून पाहाचा आहे.”

काकांनी वाघाचं सगळ्यात जाड पुस्तक काढून दिलं आणि टेबलफॅन त्याच्याकडे फिरवला. गिऱ्हाइकाकडे पंखा! मी इतकी वर्षं शेजारी आहे, पण हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं. वनरक्षक वाचू लागला. दोन-चार पानं झाली आणि त्याने हळूच दोन्ही पाय जमिनीवरून उचलून स्टूलच्या आडव्या दांड्यावर घेतले.

काकांनी प्लायवूडवर थाप मारली. “ए झेरॉक्स, इकडं ये! पाह्य, याले म्हणतात वाचणं!”

* * *

असं सगळं मजेत चाललेलं असताना पावसाळा संपता संपता बातमी आली की काकांचं दुकान जाणार. जागा सेठजींची. सेठजी आता म्हातारे, धंदा सगळा मुलाच्या हातात. त्या मुलाला काकांच्या गाळ्यात साड्यांचं शोरूम काढायचं होतं. दिवाळीपर्यंत जागा खाली करा, असा निरोप आला.

मी धावतच काकांकडे गेले. ते पुस्तकांवरची धूळ झटकत होते.

“काका, आता काय करायचं?”

“बरं होऊन राहिलं. लोकायपासून सुटका!”

असं म्हणाले खरे, पण त्या दिवशी त्यांनी कोणालाच हाकललं नाही. एक पोरगी पुस्तकं उलटीसुलटी लावून गेली तरी चूप! मला ते अजिबात सहन झालं नाही. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब हैदराबादला. दुकान गेलं तर हा माणूस चिडणार कोणावर? मी त्याच दिवशी ठरवून टाकलं, दुकान वाचवायचं. गिऱ्हाइकांची रीघ लागली की सेठजींचा मुलगा दोनदा विचार करेल, असा माझा हिशेब होता.

* * *

माझ्या भाचीने काकांची रील काढली. त्यात काका एका कॉलेजकुमाराला सांगत होते, “तुले पुस्तक नको, आधी आंघोळ पाहिजे!” रील अशी पळाली, अशी पळाली की विचारू नका! रविवारी तिरोड्याहून, आमगावहून पोरं-पोरी हजर. बोदलकशाच्या तलावावर फिरायला निघालेली एक जीपच्या जीप गाडी वळवून इकडे आली. सगळ्यांना काकांकडून बोलणी खायची होती! प्रत्येकाचा मोबाइल वर. मी तर आनंदाने नाचायचीच बाकी होते.

काकांनी गर्दीकडे पाहिलं. मोबाइलकडे पाहिलं. मग माझ्याकडे रोखून पाहिलं. आणि हात जोडून म्हणाले, “या, या. बसा. उन्हातून आलात, पाणी घ्या ना.”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

“काका, चिल्लाओ ना थोडा!” एक जण म्हणाला.

“नाही बेटा. तुम्ही पाहुणे.”

अर्ध्या तासात रस्ता रिकामा. जाता जाता एक पोरगी मैत्रिणीला म्हणाली, “चल यार, फेक है.”

त्यांची पाठ वळताच प्लायवूड हादरला. “ए झेरॉक्स! पुन्हा जत्रा भरवशील तर तुही मशीन रस्त्यावर ठेवीन!” तो ओरडा ऐकून मला कोण बरं वाटलं!

* * *

मग मी एका शाळेच्या हेडमास्तरांना पटवलं. त्यांना ग्रंथालयासाठी खोकी भरून पुस्तकं घ्यायची होती. एवढी एक ऑर्डर मिळाली असती तरी सेठजींच्या मुलाला दाखवायला झालं असतं. मी त्यांना स्वतः आत नेऊन बसवलं.

काकांनी पुस्तकांचं काहीच विचारलं नाही. विचारलं, “कपाटाची चाबी कोणाजवळ राहते?”

“माझ्याजवळ.”

“तुम्ही मीटिंगले गेले तं?”

“तर… माझ्या खिशात.”

“पोरांनी पुस्तक फाडलं तं?”

“फाडतील कसे? आम्ही देतच नाही हातात!” हेडमास्तर अभिमानाने म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले.

“मंग आमीही देत नाही,” काका म्हणाले. “माही पुस्तकं बंद घरात नांदाले नाही जाणार.”

हेडमास्तर बाहेर आले, रुमालाने घाम पुसला. “ताई, मी पुस्तकं घ्यायला आलो होतो की मुलगी मागायला?”

मी काकांशी दोन दिवस बोलले नाही. दिवाळी तोंडावर आली होती आणि माझे सगळे उपाय संपले होते.

* * *

आणि मग स्वतः सेठजीच आले. मुलगा गाडी लावून बाहेर फोनवर बोलत उभा, आणि सेठजी मोजायची टेप घेऊन आत. पांढरं धोतर, हातात काठी. मी कागदाच्या पट्ट्या द्यायच्या निमित्ताने आत घुसलेच. म्हटलं, आता भांडण होणार, निदान काकांच्या बाजूने कोणीतरी उभं पाहिजे.

“टेंभरेजी, नाप लेना है,” सेठजी म्हणाले.

“नाप बाद में. यहां खाली-पीली खड़े रहने का रिवाज नहीं है. बैठो.”

सेठजी बसले. स्टूल एकच आहे, दुसरं काय करणार? काकांनी वरच्या फळीवरून एक जुनी हिंदी कादंबरी काढली, विटेसारखी जाडजूड, आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. सेठजींनी आधी नुसती चाळली. मग चष्मा लावला. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली. बाहेर मुलाने हॉर्न वाजवला, सेठजींनी पानावरून नजर न काढता हात हलवला. पुन्हा हॉर्न. पुन्हा हात.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. “टेंभरेजी, फिर उस लड़की का क्या हुआ?”

नियमाप्रमाणे आता पुस्तक विकायलाच हवं होतं.

“ये वाली दे दो,” सेठजी म्हणाले.

“नहीं दूंगा,” काका म्हणाले. “जो मेरी दुकान खाली करवाता है, उसको मैं किताब नहीं बेचता. पढ़ना है तो यहीं बैठ के पढ़ो.”

मला वाटलं, संपलं! पण सेठजींनी माझ्या हातातली एक पट्टी घेतली, पानात घातली आणि पुस्तक स्वतः उठून मागच्या कप्प्यात ठेवलं. टेप न उघडता ते बाहेर गेले. “पहले किताब पूरी होने दे, फिर देखेंगे,” हे मुलाला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं.

तेव्हापासून सेठजी रोज येतात. घरी आता त्यांना कोणी काही विचारत नाही, इथे निदान काका रोज विचारतात, “आज फिर आ गए?” ते एक प्रकरण वाचतात, चहा पितात, पट्टी घालून जातात. मी मात्र धास्तावलेली. पुस्तक कितीही जाड असलं तरी कधीतरी संपणारच ना!

एका संध्याकाळी मी नव्या पट्ट्या द्यायला गेले तर काका दाराकडे पाठ करून उभे. सेठजींचं पुस्तक हातात. त्यांनी पट्टी काढली, बरीच पानं मागे उलटली आणि पट्टी तिथे घातली. मी आल्या पावली परत फिरले. दुकानात बसून एकटीच हसत सुटले!

पण खरी गंमत पुढे. दुसऱ्या दिवशी काका एका गिऱ्हाइकाला रस्त्यापर्यंत पोचवून येत होते, म्हणजे ओरडत. प्लायवूडच्या फटीतून मला दिसलं, आत सेठजी एकटे. वाचन झालेलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, काका पाठमोरे आहेत याची खात्री केली, पुस्तकातली पट्टी काढली आणि स्वतःच बरीच पानं मागे नेऊन ठेवली. पुस्तक कप्प्यात सरकवून काठी घेऊन निघाले. काका आत आले. इकडेतिकडे पाहिलं. कप्प्यातून पुस्तक काढलं आणि पट्टी आणखी मागे सरकवली.

दिवाळी होऊन गेली. धान कापून मिलमध्ये आलं. पाटी आहे तिथेच आहे, आणि परवा काकांनी एका प्राध्यापकांना ‘तुमचा चेहरा पुस्तकं वाचणाऱ्याचा नाही’ असं सांगून हाकललं, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

काल सेठजींना घ्यायला मुलगा आला होता. वैतागून गाडीतूनच म्हणाला, “बाऊजी, और कितनी बाकी है आपकी किताब?”

सेठजी माझ्या दुकानासमोर थांबले, काठी टेकवली आणि शांतपणे म्हणाले, “बस बेटा, अगले हफ्ते शुरू हो जाएगी.”