दारावरचा पुरावा

शिरूरच्या आरोग्य कार्यालयातले भाऊसाहेब केंदूरला माझ्याच गल्लीत राहतात. "नियमात बसंल तर लगेच करतो," असं म्हणायचं आणि पेनाला टोपण लावायचं, ही त्यांची सवय. मी गावची आशा सेविका. कोरोनातल्या कामाचा रखडलेला भत्ता मागितला, तर म्हणाले, "ताई, तवा तुम्ही कामावर होता याचा पुरावा हाय का?"

मी फोटो दिला.

"तोंडावर मास्क हाय. ओळखायचं कसं?"

"तुमच्या घरी कोरोना आला, तवा दारावर कागद कुणी चिकटवला? अजून हाय तिथं, माझ्या सहीचा!"

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी तो कागद नखानं अलगद सोडवून आणला, माझ्या अर्जाला टाचला आणि पेनाला टोपण लावत म्हणाले, "आता याच्या दोन साक्षांकित झेरॉक्स आणा."