आमच्या वाळूतला डोंगर

काही कामांत निष्कर्ष थोडे निघतात आणि किस्सेच जास्त साचतात. माझ्या वर्गातल्या मृणालनं आणि मी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वालुकाश्मावर, म्हणजे वाळू घट्ट होऊन बनलेल्या दगडावर, प्रोजेक्ट केला तेव्हा असंच झालं.

कल्पना सोपी होती. डोंगरातून नुकत्याच निघालेल्या वाळूचे कण टोकदार असतात. त्यांत फेल्डस्पार नावाचं खनिज असतं, इतर दगडांचे तुकडेही असतात. नदीनं ती वाळू लांब नेली की कमजोर कण झिजून जातात आणि मुख्यतः क्वार्ट्झ या कठीण खनिजाचे गोलसर कण उरतात. म्हणजे दगडातले कण बघायचे आणि डोंगर जवळ होता की लांब, ते सांगायचं.

अवघड एकच होतं. परीक्षक दोघींनाही बोलायला लावणार होते. मृणाल झोपेतही बोलते. माझं हजेरीचं ‘येस सर’सुद्धा सरांना ऐकू येत नाही, म्हणून वर्गात बसूनही माझी गैरहजेरी लागते!

*

कुटलेल्या दगडाचे कण वेगळे करायला मी आईची रव्याची चाळणी घेतली. नंतर स्वच्छ धुतली. निदान मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उपमा खाताना बाबांच्या दाताखाली कचकन काहीतरी आलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. बाबा शांतपणे म्हणाले, “टोकदार लागून राहिलं. डोंगर जवळच असन!”

*

कळमेश्वरला आत्याकडे गेले तेव्हा रस्त्याकडेला एक झकास नमुना सापडला. भिंगातून पाहिलं तर टोकदार कण, नाना रंगांचे तुकडे, सगळं एकत्र! आम्ही सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘डोंगर अगदी शेजारी असावा.’

विज्ञानाच्या सरांनी हातोडीनं तो नमुना फोडला. आतून लोखंडी तार निघाली. काँक्रीट होतं ते!

सर म्हणाले, “डोंगर राहू द्या, बेटा. आधी ठेकेदाराचं नाव लिहा!”

*

सरावासाठी प्रताप नगरला मृणालच्या गच्चीवर जमलो. मी उभी राहिले, श्वास घेतला आणि फेल्डस्पारपासून क्वार्ट्झपर्यंत सगळं म्हणून टाकलं.

मृणाल माझ्याकडे बघतच होती. “सुरू कर ना वं!”

“झालं माझं.”

*

प्रदर्शनात परीक्षक आले. मृणालचं ऐकून झाल्यावर माझ्याकडे वळले. “आता तू सांग.”

कुणाच्या डोळ्यांत बघावं लागू नये म्हणून मी भिंगाला डोळा लावला आणि कणांकडे बघतच सुरुवात केली. आवाज हळूहळू मोठा होत गेला. कोणता कण का झिजला, कोणता का टिकला, डोंगर झिजून सपाट झाला तरी त्याची खूण वाळूत कशी राहते, सगळं सांगितलं. एकदाही अडखळले नाही!

मान वर केली, तर समोर कोणीच नाही. परीक्षक पलीकडच्या ज्वालामुखीपाशी उभे होते.

“कधी गेले ते?” मी मृणालला विचारलं.

“तू भिंगात डोकं घातलं तेव्हाच. कोणीतरी बोलावलं त्यायले.”

“मंग मले थांबवलं काहून नाही?”

“कशी थांबवू वं? पहिल्यांदा तं बोलून राहिली होती तू!”