मागच्या रांगेतली पोती

पंचवीसेक वर्षं मी कुडाळात सीए म्हणून काम करते आहे. सोसायट्या, शाळा, हॉटेलं, आंब्याच्या रसाचे कारखाने, या भागातले नाना तऱ्हेचे ताळेबंद माझ्या टेबलावरून गेले. लोक मला विचारतात, कंपनीच्या हिशेबात लबाडी करणारा माणूस तुम्हाला लगेच ओळखू येत असेल ना? नाही येत. माझ्या ओळखीतल्या सगळ्यात भल्या माणसाने ती केली, आणि दोन वर्षं त्या हिशेबाखाली माझी सही होती.

हा माणूस काजूचा कारखानदार. आतल्या गावातला, भातशेती करणाऱ्या घरातला. माझे वडील शाळामास्तर होते आणि तो त्यांचा विद्यार्थी. नवराबायकोने घरामागच्या मांगरात, म्हणजे शेतीच्या खोपीत, काजू भाजायला सुरुवात केली, तिथून वाढत वाढत प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली, बॉयलर आला, दीडशे बायका काजू सोलायला येऊ लागल्या. गावात कुणाच्या मुलीचं लग्न अडलं, कुणाला गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात न्यायचं झालं, की शेठची गाडी दारात. माझ्याशी तो कायम मालवणीतच बोलायचा. मला 'बाय' म्हणायचा.

कंपनीचं ऑडिट माझ्याकडे आलं तेव्हा वडिलांना फार आनंद झाला होता. मलाही. आता वाटतं, त्या आनंदातच माझी पहिली चूक होती.

एकतीस मार्चला गोदामातल्या मालाची मोजणी करायची असते. पहिली दोन वर्षं शेठ स्वतः माझ्याबरोबर फिरला. काजू बीच्या पोत्यांची थप्पी छपराला टेकलेली. आडवी किती, उभी किती, उंचीला किती, गुणाकार केला की झालं. मग ऑफिसात चहा, मसाला काजू, वडिलांची चौकशी. बँकेचे साहेबही असेच समोरून मोजून, असाच चहा पिऊन जात. पोतं खाली उतरवून बघू या, असं ना त्यांच्या मनात आलं ना माझ्या. शेठपुढे तसं म्हणणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरी पानातला भात चिवडून पाहण्यासारखं वाटलं असतं.

तिसऱ्या वर्षी मोजणीच्या दिवशी शेठला बँकेने अचानक सावंतवाडीला बोलावलं. दुसऱ्या कारखान्यासाठी मोठं कर्ज मागितलं होतं, त्याची बोलणी होती. गोदामात माझ्याबरोबर आला तो कंपनीचा हिशेबनीस. साठीकडे झुकलेला, बारीक अंगाचा, मांगरातल्या दिवसांपासून शेठबरोबर असलेला माणूस. ऑफिसात तो शुद्ध मराठी बोलायचा, तेही अगदी कमी.

थप्पी एका बाजूला थोडी कलली होती, त्यामुळे उंची नीट कळेना. मी भिंत आणि पोती यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून आत शिरले. मागच्या रांगेपाशी पोचले आणि तिथे पोत्यांवर कुंभारीण माशीची मातीची घरटी दिसली. एक नाही, चार-पाच. जुनी, कडक झालेली, भोकं पडून रिकामी. काही तर दोन पोत्यांना जोडून बांधलेली.

माझ्या हातातल्या रजिस्टरप्रमाणे त्या गोदामातलं सगळ्यात जुनं पोतं तीन आठवड्यांपूर्वी आलेलं होतं.

सोलणाऱ्या बायकांची मुकादम दारातच उभी होती. तिला विचारलं, "ही मागची पोती कधी आली?"

"ती होय? त्या पोत्यांक आमी हात लावूक नाय कधी," ती म्हणाली. "आमी फुडचीच न्हेताव. ती हलवूची नाय असा सांगलेला आसा."

"कुणी सांगितलं?"

तिने हिशेबनीसाकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

मी दोन हमालांना हाक मारली. हिशेबनीस पुढे झाला. "मॅडम, शेठ येईपर्यंत थांबलात तर बरं होईल."

"पोतं खाली घ्यायला शेठ कशाला हवेत?"

तो बाजूला झाला. पोतं खाली आलं, काट्यावर चढलं आणि निम्म्याहून कमी भरलं. शिवण उसवली. वर ओंजळभर काजू बी होती. खाली हात घातला तर नुसती टरफलं. तेल काढून उरलेली, चुलीत घालायची टरफलं.

"अशी किती आहेत?" मी विचारलं.

"मागच्या सगळ्या रांगा," तो म्हणाला. मग ऑफिसातली भाषा त्याच्या तोंडून गळूनच पडली. "तुमी बगल्यात ता बरा झाला. माका आता झोप तरी लागतली."

ऑफिसात जाऊन त्याने कपाटातून लाल पुठ्ठ्याची वही काढून माझ्यापुढे ठेवली. खरा माल किती, दाखवला किती, दर महिन्याचा हिशेब त्याच्या सुबक अक्षरात होता. खोट्या नोंदी करताना या माणसाने खऱ्या नोंदीही लिहून ठेवल्या होत्या. कशासाठी, असं मी विचारलं. "मीच विसरान म्हणून," तो म्हणाला.

गोष्ट साधी होती. तीन वर्षांपूर्वी शेठने आफ्रिकेतून चढ्या भावात काजू बी मागवली आणि माल बंदराला लागेपर्यंत भाव कोसळला. त्या वर्षी कंपनीला तोटा झाला. पण त्याच सुमारास तालुक्यात शेठचा सत्कार ठरला होता, आणि बँकेचं जुनं कर्ज वाढवून मिळायचं होतं. तोटा दाखवला असता तर ते थांबलं असतं. वर्षअखेरीला गोदामात जितका माल जास्त दाखवाल तितका नफा फुगतो. म्हणून शंभर पोती टरफलांनी भरली, फक्त त्या वर्षापुरती. पण फुगवलेला माल पुढच्या वर्षी कुठे गेला म्हणून सांगायचं? तो झाकायला आणखी पोती भरावी लागली. तिसऱ्या वर्षी आणखी.

शेठ दुपारी आला. टेबलावरची वही पाहिली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं होतं तो चिडेल. तो खुर्चीत बसला आणि तांब्यातलं पाणी प्यायला.

"बाय, एक रुपयो मी घराक न्हेऊक नाय," तो म्हणाला. "तू खंयचीय चौकशी कर."

"मला माहीत आहे."

"मगे? ही काय चोरी झाली? अवंदा सीझन बरो आसा. दोन वर्सांत सगळा भरून काढतलंय. ह्यां खोटा नाय गो, ह्यां फकस्त आगाऊ आसा."

ते वाक्य मी विसरलेले नाही. त्याने ते मला फसवायला म्हटलं नव्हतं. त्याचा त्यावर विश्वास होता. मी तेव्हापासून मानत आले आहे की गोदामाला कुलूप नसलं तरी एक वेळ चालेल, पण अशी समजूत मालकाच्या डोक्यात बसली की कंपनीचं काही खरं नाही.

"काका, बँक दुसरं कर्ज देणार आहे ते या टरफलांवर," मी म्हटलं. "ते फेडायचं कशातून? सीझन परत वाईट गेला तर दीडशे बायकांना सांगणार काय?"

"तेंच्यासाठीच केलंय मी."

"त्यांना विचारून केलंत?"

त्याने वही मिटून बाजूला सरकवली. मग हळूच म्हणाला, "गुरुजींका सांगा नको."

पण सांगितलं त्यानेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात असताना तो घरी येऊन वडिलांच्या पायाशी बसला. मी जेवायला घरी गेले तर वडील ओटीवर वाट पाहत होते.

"तो चोर नाही," ते म्हणाले.

"नाहीच आहे."

"मग एक संधी दे. एक वर्ष."

माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाला पासापुरते दोन मार्क वाढवून दिले नव्हते. मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा. "ती मुलं होती," ते म्हणाले, "त्यांना पुढच्या वर्षी परत बसता येत होतं. ह्याला कोण बसू देणार?"

मी आत जाऊन दोघांची पानं वाढली. निर्णय मात्र डळमळला नाही, हे मी आज सरळ सांगते. एक वर्ष द्यायचं म्हणजे मी तिसरी सही करायची. पहिल्या दोन माझ्या निष्काळजीपणाच्या होत्या. तिसरी माहीत असून केलेली असती. शेठ आणि माझ्यात मग फरक तो काय उरला असता?

कायदाही मला गप्प राहू देत नव्हता. आधी संचालकांना लेखी कळवायचं, त्यांचं उत्तर घ्यायचं आणि मग सरकारकडे पाठवायचं. मी पत्र लिहायला बसले. त्यात पहिल्याच परिच्छेदात घातलं की मागच्या दोन वर्षांची मोजणी मी नीट केलेली नव्हती आणि त्या अहवालांवर कुणी विसंबू नये. ते वाक्य लिहायला मला बाकीच्या पत्रापेक्षा जास्त वेळ लागला.

संचालक म्हणजे शेठ, त्याची बायको आणि मेहुणा. बैठकीला तिघं आले, पाठीमागे हिशेबनीस बसला. मी इतिवृत्ताची फाईल उघडली. तीन वर्षांच्या सगळ्या बैठकांवर शेठच्या बायकोच्या सह्या होत्या.

"या बैठकांना तुम्ही होतात?" मी तिला विचारलं.

"बैठका झाल्याच खंय?" ती म्हणाली. "कागद घरी येयत. ह्येनी सांगल्यानी सही कर, मी केलंय." मेहुण्याने मान खाली घातली. त्याचंही तसंच होतं.

मी पत्र वाचून दाखवलं. टरफलांचा आकडा आला तेव्हा ती बाई नवऱ्याकडे वळली. मांगरात भट्टीपुढे बसून हात काळे केलेली बाई ती. "पैल्या वर्साक तोटो झालेलो तर माका कित्याक सांगूक नाय?" तिने विचारलं. "आपण तोटो काय पैलां बगूक नाय?"

त्या खोलीत बँक, कायदा, सरकार यांच्याविषयी मी बरंच बोलले होते. शेठ मोडला तो तिच्या या प्रश्नाने. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लोक काय म्हणतले म्हणून," तो म्हणाला, आणि मग, "मला कुणी कधी विचारलंच नाही." हे दुसरं वाक्य तो शुद्ध मराठीत बोलला. बहुतेक मला उद्देशून.

ते खरं होतं. खरेदी त्याच्या हातात, गोदामाची किल्ली त्याच्या कमरेला, नोंदी त्याच्या शब्दावर. बायकोने विचारलं नाही, कारण नवरा होता. हिशेबनीसाने नाही, कारण अन्नदाता होता. बँकेने नाही, कारण त्यांनाही कर्ज द्यायचंच होतं. आणि मी विचारलं नाही, कारण तो वडिलांचा आवडता विद्यार्थी होता. आदराची एवढी दाट सावली पडली की तिच्याखाली काहीही खपून जातं.

पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. मागचे ताळेबंद दुरुस्त केले तेव्हा दोन्ही वर्षांचा नफा पुसला जाऊन तोटा उभा राहिला. बँकेने नवं कर्ज नाकारलं, जुन्याचे हप्ते लांबवले, पण त्यासाठी शेठला दुसऱ्या कारखान्याची जमीन विकावी लागली. दंड भरावा लागला. काही महिने बायकांना आठवड्यात तीनच दिवस काम मिळालं आणि बाजारात भेटल्यावर त्यांतल्या एकदोघींनी माझ्याकडे पाहून मान फिरवली. मी त्यांना दोष दिला नाही. त्यांचे गेलेले दिवस मी भरून देऊ शकत नव्हते.

माझीही चौकशी झाली. आमच्या सीएंच्या संस्थेकडून समज मिळाली, ती मी फाईलला लावून ठेवली आहे. नवीन माणूस ऑफिसात कामाला आला की मी ती त्याला वाचायला देते.

हिशेबनीसाने राजीनामा दिला होता. शेठच्या बायकोने तो फाडला. आता गोदामाची किल्ली तिच्याकडे आणि मुकादम बाईकडे असते, दोघी आल्याशिवाय कुलूप उघडत नाही. खरेदीच्या कागदावर मेहुणा वाचून सही करतो, आणि न कळलेलं चारचौघांत विचारतो. बँकेचा एक निवृत्त अधिकारी संचालक म्हणून घेतला आहे. तो इतके प्रश्न विचारतो की शेठ वैतागतो. वैतागू दे.

वडील दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. एके दिवशी पेपर वाचता वाचता म्हणाले, "तो आला होता. बारीक झालाय." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "पण बसला होता मात्र ताठ." एवढंच. संध्याकाळी त्यांनी मला मुद्दाम बांगडे आणायला सांगितले, माझ्या आवडीचे.

ऑडिट मी सोडलं होतं. ते रत्नागिरीच्या एका फर्मकडे गेलं आणि ते योग्यच होतं. तरी पुढच्या वर्षीच्या वार्षिक सभेला शेठने मला बोलावलं, पाहुणी म्हणून. कारखान्याच्या पडवीत खुर्च्या मांडल्या होत्या. भागधारक म्हणजे सगळे नातेवाईक. मागे सोलणाऱ्या बायकाही येऊन उभ्या राहिल्या, त्यांना कुणी हटकलं नाही.

शेठ उठला. ताळेबंद वाचायचं काम नेहमी हिशेबनीसाचं असे. या वेळी कागद शेठच्या हातात होता. विक्री वाचली, खर्च वाचला. तोट्याच्या आकड्यापाशी आला तेव्हा मला वाटलं आवाज खाली जाईल. गेला नाही. त्याने तो आकडा वाचला, वर पाहिलं आणि मागच्या बायकांना ऐकू गेला नसेल म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने वाचला.

"इचारा काय तां," तो म्हणाला.

मागून मुकादम बाईने हात वर केला.