मुंजाबानं डोळ्यानं पाहिलं

मुंजाबा पहिल्यांदा आमच्या रेडिओच्या कचेरीत आला तेव्हा आधी त्याचा आवाज आला, मग पागोटं, मग काठी, आणि माझा चहा संपेस्तोवर उरलेला मुंजाबा. आवाज जिन्यात असतानाच स्टुडिओची काच थरथरली, मशीनचा काटा लाल रेघेपलीकडे जाऊन तिथंच बसला, आणि दौलताबादच्या किल्ल्यावरच्या तोफेला आपली बहीण शहरात आल्याचा भास झाला असणार. जन्म मेंढ्यांमागं गेलेला. या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या मेंढीला नावानं हाक मारायची सवय. मी चार फुटांवर बसलो होतो, पण त्यानं मलाही पलीकडच्या डोंगरावर धरलं.

"रेडिओचा मालक कोन हाये?"

"मालक दुकानात असतात. कार्यक्रम मी बघतो."

"मंग तुमीच खोटं बोलले. काल तुमच्या पोरीनं सांगितलं, करमाडचा जनावरांचा बाजार गच्च भरला. म्या उभा व्हतो तिथं! सात बैल अन् एक म्हैस. म्हैस बी इकायला नव्हती, मालकासंगं फिरायला आली व्हती."

खासगी रेडिओनं बातम्या द्यायच्या नसतात, माहिती द्यायची असते. ती आम्ही खुर्चीत बसून तयार करायचो. आमचे मालक काकासाहेब पाण्याच्या मोटारी विकत. आपल्या मोटारींची जाहिरात दुसऱ्या कुणाला जीव ओतून वाचता येत नाही, म्हणून त्यांनी 'रेडिओ दरवाजा' काढला होता. त्यांनी मुंजाबाचं भांडण ऐकलं आणि म्हणाले, "याला भांडू देऊ नका, बोलू द्या."

पुढची नऊ वर्षं दर बाजारच्या दिवशी सकाळी मुंजाबा करमाडहून फोनवर बोलला. जनावरं किती आली, गिऱ्हाईक कुठलं आलं, चाऱ्याची काय परिस्थिती. भाव कधीच सांगितला नाही. जनावराचा सौदा हातावर रुमाल टाकून, खाली बोटं दाबून होतो. "रुमालाखालचं रुमालाखालीच ऱ्हातं," हा त्याचा कायदा. शेवटी एकच वाक्य: "मुंजाबानं डोळ्यानं पाहिलं." ते ऐकल्याशिवाय लांबलांबची माणसं जनावराचं दावं सोडत नसत. एकदा तो तापानं पडला होता. तरी फोन केलाच. "आज म्या गेलो नाय. मला म्हाईत नाय." झालं बातमीपत्र. 'मला माहीत नाही' असं रेडिओवर सांगणारा दुसरा माणूस मी ऐकलेला नाही.

मग काकासाहेब थकले आणि त्यांनी रेडिओ मुंबईच्या एका कंपनीला विकला. त्याच कंपनीनं त्याच वर्षी आमच्या शहरातलं सायंदैनिक घेतलं आणि केबलवरची बातम्यांची वाहिनीही. तिन्ही कचेऱ्या एका मजल्यावर आल्या, एकतीस माणसांची नऊ झाली. मी राहिलो. मान डोलवण्यात माझा हात कुणी धरला नसता. तिन्हींचा प्रमुख म्हणून माझं नाव छापलं गेलं, आणि ते कार्ड मी सासुरवाडीत उगीचच तीन जणांना दिलं.

मुंबईच्या प्रेरणा मॅडमनी पडद्यावरून सांगितलं, की आता अकरा शहरांना एकच कार्यक्रम. मधेमधे गावाकडचा आवाज हवा, पण साठवलेला. "तुमचे ते बाजारवाले काका आहेत ना? त्यांच्याकडून दहा-बारा वाक्यं घेऊन ठेवा. बाजाराच्या दिवशी मशीन लावत जाईल, फोन नको."

मी मुंजाबाला स्टुडिओत बसवलं. "म्हणा, आज बाजार गच्च भरलाय, या मंडळी."

"आवं सायब, आज बाजार कुठंय? आज तर बुधवार."

"नुसता आवाज तपासायचाय हो."

"मंग मेंढ्याला हाक मारून दावतो. तेच्यात आवाज चांगला लागतो."

"मुंजाबा, ऐका माझं. नऊ वर्षांत तुम्हाला कधी फसवलंय?"

त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि सांगितलं तसं म्हणाला. फक्त शेवटचं वाक्य म्हणेना. "ते नाय सायब. पाहिल्याबिगर ते तोंडातून निघत नाय." मी म्हटलं, राहू द्या. तो गेल्यावर मी त्याच्या एका जुन्या फोनचं रेकॉर्डिंग काढलं, त्यातलं ते वाक्य कापलं आणि नव्याच्या शेपटीला जोडलं. जोड कळू नये म्हणून चार वेळा ऐकलं. काम फार सफाईदार झालं होतं. मॅडमनी शाबासकी दिली. मी ती घेतली.

सहा आठवड्यांनी जनावरांत लंपीची साथ आली आणि बाजार बंद झाला. फाटकाला कुलूप, बाहेर पोलीस. त्या सकाळी मशीननं नेमानं सांगितलं: आज बाजार गच्च भरलाय, या मंडळी. मुंजाबानं डोळ्यानं पाहिलं.

माणसं आली. त्याची चुलत बहीण सुगंधाबाई दौलताबादकडून दोन गाई टेम्पोत घालून आली, तर पोलिसांनी टेम्पो परत लावला. ती तिथून सरळ त्याच्या दारात. "मुंजाबा, दुसऱ्या कुनाचं ऐकलं असतं तर आले नसते रे. तुझ्याच तोंडानं ऐकलं." त्यानं शपथ घेतली, "म्या बोललो नाय." ती म्हणाली, "आवाज वळखते मी तुझा."

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला. त्याला पैसे नको होते. एकदाच, त्याच वेळेला, थेट फोनवर बोलायचं होतं: ते म्या बोललो नव्हतो. मी म्हणालो, इथून थेट बोलायची सोय आता नाही, सगळं मुंबईहून येतं. तो उतरला, पलीकडच्या दारानं सायंदैनिकात गेला. तिथल्या पोरानं त्याला माझ्यासमोर आणून उभं केलं. मग त्याला कुणीतरी सांगितलं, केबलवाले बेधडक आहेत. तो मागच्या जिन्यानं चढला. तिथंही मीच.

"शहर केवढं थोरलं हाये सायब," तो म्हणाला, "अन् समद्या दारांत तुमीच कामून?"

त्या दिवशी त्याचा आवाज काचेपर्यंतही पोचला नाही.

"वाक्य कोनी जोडलं?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "मशीन जोडतं."

मशीनला जीभ असती तर त्यानं माझ्या तोंडावर मला खोटं पाडलं असतं. मुंजाबा माझ्याकडं नुसता बघत राहिला, पाहिल्याबिगर न बोलणाऱ्या माणसासारखा. मग "बरं" म्हणून निघून गेला.

मी मुंबईला लिहिलं. जोडणी मी केली, हे सोडून सगळं लिहिलं. सतरा दिवसांनी बारा सेकंदांची दिलगिरी मंजूर झाली, कुणा मुलीच्या गोड आवाजात, मुंजाबाचं नाव वगळून. ती दहा शहरांत ऐकू गेली. आमच्याकडं त्या वेळी स्थानिक जाहिरात लागली होती.

बाजार पुढं चार महिन्यांनी सुरू झाला. मुंजाबा तिकडं जात नाही. त्याचा आवाज अजून लागतो. यादीतून काढायची परवानगी आलेली नाही.