परबचं लग्न आणि मुलुंडची भट्टी

चार केमिस्ट एका पत्र्याच्या शेडमध्ये कोंडले की माल तयार होवो न होवो, किस्से तयार होतातच!

स्वातंत्र्य नवं होतं. रंगाच्या कारखान्यांना लागणारा एक पांढरा माल परदेशातून यायचा. तो इथेच करू म्हणून आमच्या शेठनी मुलुंडला भट्टी मांडली. डांबरगोळ्यांची वाफ आणि हवा व्हॅनेडियम लावलेल्या गरम खड्यांवरून सोडायची. जमलं तर पांढऱ्या सुया मिळतात. उष्णता वाढली तर सगळं जळून नुसता वायू आणि पाणी उरतं.

*

खड्यांसाठी सच्छिद्र दगड हवा होता. आमचा परब घाटकोपरच्या बाजारात गेला आणि टाचा घासायचे दगड पोतंभर मागितले.

दुकानदार त्याच्या चपलांकडे बघत म्हणाला, "साहेब, घरात पाय तरी किती?"

*

आमचे साहेब डॉक्टर गोडबोले एकदा शेठना समजावत होते, "खरी कला जळणं अर्ध्यावर थांबवण्यात आहे."

शेठ भडकले. "अर्ध्यावर? पगार तर पूर्ण घेता!"

*

परब नाहूरला मुलगी बघायला गेला. आमच्या अंगाला कायम डांबरगोळ्यांचा वास. मुलीच्या आत्यानं नाक उडवलं, "मुलगा बरा आहे, पण ट्रंकेतून कधी काढलात?"

मुलगी खुदकन हसली आणि परब खलास! पण तिचे वडील अण्णा. सगळा जन्म कचेरीत गेलेला. म्हणाले, "आधी परमनंट व्हा, मग बोलू."

शेठ म्हणाले, "आधी माल दाखव, मग परमनंट." परबचं जेवणावरचं लक्षच उडालं.

*

ट्रायलच्या दिवशी अण्णा स्वतः नोकरी बघायला हजर! परब माझ्या कानात कुजबुजला, "मेलंय रे मी!"

शेठना कुठेतरी जायची घाई होती, सारखे घड्याळ बघत होते. गोडबोले घाबरले आणि कुणाला न विचारता स्वतःच्या हातानं भट्टीची आंच वाढवली. आम्ही सगळ्यांनी बघितलं. अण्णांनीही.

झाकण उघडलं. सुयांचा पत्ता नाही, तळाला नुसतं पाणी!

"कोणी वाट लावली?" शेठ ओरडले.

गोडबोले छताकडे बघायला लागले. मला त्यांचा असा राग आला! तेवढ्यात परब पुढे झाला. "माझ्याकडून झालं, शेठ."

शेठनी त्याची यथेच्छ हजेरी घेतली. परब खाली मान घालून उभा. लग्न मोडलं, हे आम्ही धरूनच चाललो.

फाटकापाशी अण्णांनी मला बाजूला घेतलं.

"साहेबाची चूक आपल्या अंगावर घेतली? तीही साहेबाच्या देखत?"

"हो," मी कसंबसं म्हणालो.

"अहो, मग हा परमनंट होणारच! मुहूर्त बघा!"