गीताला सांगितलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, साताऱ्याच्या बहिणीला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण मला आता या कौतुकाचा वीट आलाय.

माझा नवरा चंदीगडच्या एका कॉलेजात धावण्याचा कोच. शेजारच्या मनीमाजरा वस्तीतल्या मुली मैदानावर अनवाणी पळायच्या, म्हणून मी कॉलेजच्या मुलांचे जुने बूट गोळा करायला लागले. धुवायचे, शिवून आणायचे, वाटायचे. मग दूध-अंडी सुरू झाली. मग कुणाच्या वडिलांची समजूत घाल, कुणाचा दाखला आण. दिवसभर दारात — आंटीजी, आंटीजी! लोक म्हणायचे, किती मोठ्या मनाची बाई. मोठ्या मनाची! मी आत भांडी आपटत असायचे, ते कुणाला दिसत होतं?

त्या मुलींत पिंकी सगळ्यांत वेगवान. एकदा जेवताना नवरा म्हणाला, "ही पोरगी आपल्या घरात जन्मायला हवी होती." समोर आमची मुक्ता बसलेली. तेरा वर्षांची, अंगानं जाड, पळायचा कंटाळा असलेली. "हां पापा, पक्का," एवढंच म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. त्याच्या काही लक्षातही आलं नाही. मला राग आला — खरं तर कुणाचा यायला हवा होता? आला पिंकीचा.

पुढच्याच आठवड्यात क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती. नवरा संघ घेऊन बाहेरगावी. आदल्या दुपारी त्याचा फोन आला — चाचणी नऊला नाही, सातला आहे, पिंकीला कळव. तिच्या घरचा फोन मोठ्या बहिणीकडे, गीताकडे असायचा. नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेला. मी विसरले... नाही. विसरले नव्हते. दोनदा त्या नंबरापुढे जाऊन उभी राहिले आणि दोनदा पोळ्या लाटायला वळले.

पिंकी नऊला पोचली तेव्हा मैदान रिकामं झालं होतं.

ती रडत आमच्याकडे आली. नवऱ्यानं फोनवर विचारलं, "निरोप दिला होतास ना?" निदान तेव्हा तरी तोंड उघडायचं! उघडलं — आणि म्हणाले, "गीताला सांगितलं होतं."

गीता शपथा घेत राहिली. कोण ऐकणार तिचं? मी कोचसाहेबांची बायको, बूट वाटणारी. वडिलांनी तिचा फोन काढून घेतला, शिवणक्लास बंद केला. पिंकीनं तिच्याशी बोलणं टाकलं. वर्षाच्या आत अंबाल्याला लग्न लावून दिलं गीताचं. मी भांड्यांचा सेट घेऊन गेले — हो, तेवढी हिंमत होती मला! तो घेताना गीतानं माझ्याकडे एकदाच, सरळ बघितलं. तिला माहीत होतं. माहीत नसायला काय झालं?

गेल्या महिन्यात कॉलेजनं माझा सत्कार केला. पिंकी आता मोहालीत एका ऑफिसात नोकरी करते. मुद्दाम रजा काढून आली. माइकवर म्हणाली, "आंटीजी ने तो फोन किया था. मेरी अपनी दीदी ने मुझे नहीं बताया."

सभागृह हळहळलं. नवऱ्यानं अभिमानानं माझ्याकडे पाहिलं. मी उठले, स्टेजवर गेले आणि पिंकीच्या हातून शाल घेतली.